चार तळहात

मंडळी, निवेदकांनी ओळख करून देताना मला ‘मोटारतज्ज्ञ’ म्हटलं. तो शब्द त्यांनी परत घ्यावा. मी बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतणारा. सगळा जन्म वाळूत हात घालून काढला. त्याआधी चार वर्षं कॅम्पातल्या एका गॅरेजमध्ये पोऱ्या होतो, पाने पुसायचो. तेवढीच माझी पदवी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुन्या स्पोर्ट्‌स कार आणि आजच्या वेगवान गाड्या’. त्यासाठी मला चाळीस मिनिटं मिळाली होती, त्यातली दहा दुसऱ्या रेल्वे गेटनं खाल्ली. गेट पडलं की फेरारी आणि फुलवाल्याची सायकल यांचा वेग एकच. (हशा)

हे समोर टेबलावर दोन टायर ठेवलेत. मघाशी एका वहिनींनी विचारलं, पंक्चर काढून दाखवणार काय? नाही. डावीकडचा अँबॅसॅडरचा आहे, ५.९०-१५, आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो तो. उजवीकडचा माझ्या पुतण्याच्या स्विफ्टचा, १८५/६५ आर १५, रेडियल. रिम दोन्हींचा १५ इंची. मला आज जे सांगायचंय ते या दोघांच्या मधल्या वीतभर जागेत आहे. पण आधी एक गोष्ट सांगतो. काहींनी ती आधी ऐकलीय, त्यांनी तेवढ्यात मोबाइल बघून घ्यावा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झालेली. पोर्तुगीज अमलात तिकडं परदेशी गाड्या सहज उतरायच्या. इकडं आमच्या रस्त्यावर अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड, एवढे तीनच चेहरे. त्यामुळं घाट चढून गोव्याची गाडी बेळगावात आली की पोरं मागं धावायची. एके दिवशी मडगावच्या एका भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, लाल एमजीए ही इंग्रजी स्पोर्ट्‌स कार ट्रकच्या मागं दोरानं बांधून आमच्या गॅरेजला आली. दोन सीटा, वर छप्पर नाही, आणि दाराला बाहेरून हँडलच नाही. आत हात घालून दोरी ओढायची, मग दार उघडायचं. मी ते दार पन्नासदा तरी उघडून बघितलं असेल. आमचे उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मुख्य मिस्त्री, ओरडले, “काय बघालास रे? दार हाय ते, देऊळ न्हवं!”

रेडिएटरमध्ये पाणी नसताना मालकांनी गाडी तशीच ताणली होती. डिपस्टिक काढली तर तेल ताकासारखं पांढरं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालची पट्टी, उडालं, हे मलासुद्धा कळलं. भाटकार म्हणाले, विलायतेहून मागवूया, तीन महिने लागले तरी चालतील. उस्तादांनी बॉनेटखाली डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “जा, अँबॅसॅडरचं हेड गॅस्केट घेऊन ये.”

इथं मागच्या रांगेतले दोघे हसले. ते गॅरेजवाले असणार. एमजीएचं इंजिन म्हणजे बीएमसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज, १४८९ सीसी. अँबॅसॅडरचंही तेच! एमजीएला दोन कार्बोरेटर आणि ७२ अश्वशक्ती, अँबॅसॅडरला एक कार्बोरेटर आणि पन्नासच्या आसपास. सख्ख्या बहिणी म्हणा. एक शर्यतीच्या घरात पडली, दुसरी आमच्याकडं वऱ्हाड वाहत राहिली. गॅस्केट चपखल बसलं. भाटकारांचा चेहरा मात्र उतरला. इतकी वर्षं ज्या गाडीला ते खानदानी समजत होते, तिचं कूळ स्टँडवरच्या टॅक्सीत निघालं.

पुढं गाडी मडगावला पोचवायला उस्ताद निघाले आणि मला शेजारी घेतलं. खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड. घाट लागेपर्यंत मी राजा होतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेलो, वारा तोंडावर, काटा चाळीस मैलांवर आणि मला वाटतंय आपण विमानात आहोत. उस्तादांना एक वाईट खोड होती. उतार लागला की पेट्रोल वाचवायला न्यूट्रल. स्वतःच्या नसलेल्या पेट्रोलची एवढी काळजी करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गाडी सगळी ब्रेकवर. तिसऱ्या की चौथ्या वळणाला वास आला, लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, जळाल्याचा. मग पॅडल खाली खाली जायला लागलं. उस्तादांनी दुसरा गियर कोंबला तेव्हा जात्यात खडे पडल्यासारखा आवाज झाला. हँडब्रेक ओढला. जांभ्याच्या दरडीला घासत गाडी थांबली. पुढचा बंपर आणि दरड यांच्यात माझी चार बोटं मावली. मी मोजली.

ब्रेकच्या ड्रममधून धूर निघत होता. मी शहाणपणानं पाण्याचा डबा घेऊन धावलो तर उस्तादांनी पाठीत रट्टा घातला. “बीड फुटंल की रे!” तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी टाकलं तर ते तडकतं, हा फाउंड्रीचा पहिला धडा मी अनमोड घाटात शिकलो. पुढं चाळीस वर्षं पोरांना तोच शिकवला, रट्टा वगळून. (हशा) आणि दोष गाडीचा नव्हता हे पुन्हा सांगतो. सगळा न्यूट्रलचा. ड्रम तापला की फुगतो, आतल्या लायनर लावलेल्या शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते. गाडी आणि दोन माणसं मिळून हजार किलो धरा आणि चारशे मीटर खाली उतरवा. तेवढ्या ऊर्जेत तेरा-चौदा लिटर, म्हणजे घागरभर पाणी खळाखळा उकळतं. इंजिनानं गाडी अडवली नाही तर ती सगळी उष्णता चार ड्रमांनी पोटात घ्यायची.

घरी सांगू नको, एवढंच उस्ताद म्हणाले. मी आज पहिल्यांदा जाहीर सांगतोय.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत, तर मुद्द्यावर येतो. ती एमजीए आणि पुतण्याची स्विफ्ट शेजारी उभी करा. वजन दोघींचं नऊशे किलोच्या आसपास. ताकद ७२ आणि ८२. एमजीएला शून्यापासून साठ मैलांवर, म्हणजे ताशी ९६ किलोमीटरवर जायला पंधराएक सेकंद लागायचे. स्विफ्ट शंभर किलोमीटरला बारा-तेरात पोचते. कमाल वेग दोघींचा दीडशेच्या थोडा वर. म्हणजे जिच्या मागं आम्ही पोरं धावत होतो, तिला आज भाजी आणायला जाणारी गाडी मागं टाकते. पण किती मागं? फार नाही, बघा. सत्तर वर्षांत इंजिनांनी एवढीच मजल मारली असेल तर मग बदललं काय?

उत्तर या टेबलावर आहे. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण माझ्या तळहाताएवढं. हिशेब करा. स्विफ्टच्या एका चाकावर सव्वादोनशे-अडीचशे किलो, टायरात हवा तीस पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या जरा वर. भागाकार येतो एकशेदहाच्या आसपास चौरस सेंटीमीटर. पळणं, वळणं, थांबणं, सगळं या चार तळहातांवर. नायलॉन टायरचे धागे तिरपे, एकमेकांवरून गेलेले. वळणावर बाजू वाकली की तळही तिच्याबरोबर उचलला जातो, म्हणजे तळहाताची कड तेवढी टेकते. रेडियलमध्ये धागे आडवे आणि तळाखाली पोलादी पट्टा, त्यामुळं बाजू वाकली तरी तळ सपाट राहतो. मिशलँनं याचं पेटंट १९४६ साली घेतलं, आपल्या गल्लीत ते पोचायला बराच काळ गेला. १९९२ पासून रबरात सिलिका आली, तशी ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारली. आमच्या खानापुरात पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

जुन्या टायरची पकड वजनाच्या सात-दशांश धरा आणि आजच्याची वजनाएवढी. शंभरच्या वेगातून आजची गाडी चाळीस मीटरच्या आत उभी राहते, जुनीला छप्पन्न लागतात. सोळा मीटरचाच फरक, असं म्हणू नका. ज्या जागी आजची गाडी उभी राहिली, त्या जागेवरून जुनी अजून ताशी ५५ किलोमीटरनं पुढं चाललेली असते. रस्त्यात म्हैस आडवी असेल तर त्या म्हशीला विचारा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. जॅग्वार ई-टाइप तर राहिलीच, आणि अर्धी माणसं तिच्यासाठी आलीत! भरभर सांगतो. मार्च १९६१, जिनिव्हाचं मोटार प्रदर्शन. ३.८ लिटर, सहा सिलिंडर, २६५ अश्वशक्ती, ताशी दीडशे मैलांचा दावा. मासिकांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्या खास जुळवलेल्या होत्या असं म्हणतात. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना दीडशे गाठताना दम लागायचा. आणि ती २६५ ‘ग्रॉस’, म्हणजे पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली, गुळाची ढेप बारदानासकट तोलल्यासारखी. साठ मैलांवर जायला सातएक सेकंद. आता महिंद्राची बीई ६ घ्या, आपल्या देशात बनलेली विजेची गाडी. २८६ अश्वशक्ती, शंभर किलोमीटरला ६.७ सेकंद, असं कंपनी सांगते. त्या काळी युरोपातल्या राजेरजवाड्यांना जे मिळायचं ते आज हप्त्यावर मिळतं. वजन मात्र बॅटरीमुळं कितीतरी जास्त. ई-टाइप बाराशे किलोंच्या आसपास होती आणि त्या काळात चारही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणून मी तिला मानतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, १९७८ साली मर्सिडीजमध्ये आलं. सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडणं-धरणं हे उस्तादांच्या पायाला जन्मात जमलं नसतं. मॅकलॅरन एफ-वन, शर्यतीची नव्हे तर रस्त्यावरची गाडी, १९९८, ताशी ३८६ किलोमीटर, वजन साडेअकराशे किलोंच्या आत... ते पुढच्या वर्षी बोलावलंत तर.

जुनी गाडी हळू होती, मंडळी, ही माझी तक्रार नाहीच. चाळीस मैलांवर जीव मुठीत यायचा, तो पैसे वसूल असायचा. आजच्या गाडीत एकशेवीसला झोप येते. पण जुनी गाडी हौसेनं नीट करून घेणाऱ्या पोरांनी आधी टायर आणि ब्रेकला पैसे ठेवावेत, मग कार्बोरेटरला. आणि घाटात न्यूट्रल करू नये.

थांबतो. दोन्ही टायर इथंच आहेत. बोटानं दाबून बघा, वरचे आकडे वाचा. चहा आणि कुंदा बाहेरच्या व्हरांड्यात ठेवलाय. आधी हात धुवा, मग कुंद्याकडं जा. अँबॅसॅडरच्या त्या टायरला अजून ग्रीस आहे.