चिठ्ठी दाखवून मिळणारी पुस्तके

(दृश्य: डोंगर उतरत येणारा दुपदरी रस्ता, सकाळचे धुके)

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याच्या पश्चिम कडेला, जिथून ओक्लाहोमाची हद्द फार लांब नाही, तिथे क्रॉफर्ड काउंटीत सीडरव्हिल नावाचे छोटे गाव आहे. २००० सालच्या सुमारास गावाची लोकसंख्या जेमतेम १,१०० होती. या भागात रविवारची सकाळ उपासनेची असते, आणि शाळेच्या पटावरची अनेक नावे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, यादीतही सापडतात. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण शाळेच्या ग्रंथालयातल्या हॅरी पॉटरच्या पुस्तकाबद्दल तक्रार करणाऱ्या इथल्या एका आईला 'मागासलेली' म्हणून बाजूला सारले तर या प्रकरणातले काहीच समजणार नाही.

(दृश्य: चित्रपटगृहासमोरची रांग, मुलांच्या खांद्यावर काळे झगे)

१६ नोव्हेंबर २००१ रोजी हॅरी पॉटर मालिकेतला पहिला चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. तोवर मालिकेची चार पुस्तके निघाली होती. त्यांतले पहिले पुढे 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मराठीतही आले. त्याच नोव्हेंबरात सीडरव्हिलच्या एका आईने शालेय ग्रंथालयाकडे पहिल्या पुस्तकाबाबत रीतसर फेरविचाराचा अर्ज भरून दिला. या पुस्तकामुळे मुलांना चेटकिणी चांगल्याही असतात आणि जादूही चांगली असते असे वाटू लागते, आणि आईवडील, शिक्षक व नियम हे मूर्खपणाचे असून त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे अशी शिकवण मिळते, असे तिचे म्हणणे होते.

(दृश्य: उघडे पवित्र शास्त्र, पानावर फिरणारे बोट)

या आक्षेपाला आधार आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारा, चेटूक करणारा आणि मृतांना विचारणारा माणूस परमेश्वराला वीट आणणारा आहे असे स्पष्ट लिहिले आहे. ज्या घरात हे वचन शब्दशः मानले जाते, त्या घरातल्या आईला मंत्र शिकवणाऱ्या शाळेची गोष्ट निव्वळ करमणूक वाटत नाही, आणि तिने आपल्या मुलाच्या हातातून ते पुस्तक काढून घेतले तर तिला कोणी जाब विचारू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र सर्व ख्रिस्ती पालकांचे मत तेच होते असेही नाही. 'क्रिश्चॅनिटी टुडे' या अमेरिकेतल्या प्रमुख ख्रिस्ती मासिकाने जानेवारी २००० च्या संपादकीयातच या पुस्तकांची बाजू घेतली होती. एकाच चर्चच्या मंडळीतल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांत यावर मतभेद होऊ शकत होते.

(दृश्य: रात्र, आगीचा लोळ, संग्रहित वृत्तचित्रण)

ही आग सीडरव्हिलची नाही. ती न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावची आहे. अर्जाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ३० डिसेंबर २००१ च्या रात्री, तिथल्या ख्राइस्ट कम्युनिटी चर्चच्या लोकांनी हॅरी पॉटरची पुस्तके आगीत टाकली. त्यांच्यासोबत मासिके गेली, ध्वनिमुद्रणे गेली आणि शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची एक प्रतही गेली. असे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय असतो. त्यात इफिस या प्राचीन नगरातल्या जादूगिरांनी आपल्या पोथ्या सर्वांसमोर जाळल्या आणि त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असा वृत्तान्त आहे. पण इफिसच्या लोकांनी जाळल्या त्या पोथ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवावी. रस्त्यापलीकडे फलक घेऊन उभे असलेले लोक चित्रणात दिसतात. त्यांचे आवाज आम्ही कमी केलेले नाहीत.

(दृश्य: शालेय ग्रंथालय, खुली मांडणी)

सीडरव्हिलमध्ये आग पेटली नाही. तिथे सारे कागदावर, नियमानुसार घडले. पडद्यावरचे ग्रंथालय दुसऱ्या एका गावचे आहे, परंतु मांडणीची पद्धत तीच: कमरेएवढी उंच कपाटे, लेखकाच्या आडनावानुसार लावलेल्या कादंबऱ्या, आणि मूल उभ्या उभ्या हात घालून पुस्तक काढू शकेल इतकी मोकळी जागा. तक्रार आल्यावर ती शाळा जिल्ह्याच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, पंधरा जणांच्या ग्रंथालय समितीकडे गेली. समितीने विचार करून एकमताने निर्णय दिला की पुस्तक आहे तिथेच, कोणत्याही बंधनाविना राहावे. पंधरापैकी एकानेही वेगळे मत नोंदवले नाही. प्रकरण खरे तर इथेच संपायला हवे होते.

ते तिथून शाळा मंडळाकडे, म्हणजे शाळा जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे, गेले. मंडळाने २००२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी समितीचा निर्णय बाजूला ठेवला, आणि तक्रार एकाच पुस्तकाची असताना बंधन चारही पुस्तकांवर घातले. पुस्तके खुल्या मांडणीवरून काढून कर्मचाऱ्यांखेरीज कोणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवायची, आणि ज्याला ती हवी असतील त्याने आईवडिलांची किंवा पालकाची सही असलेली परवानगी आणायची, असा ठराव झाला.

(दृश्य: चिठ्ठी, अगदी जवळून; नाट्यरूपांतर)

ती चिठ्ठी कशी असेल, हे आम्ही इथे करून पाहिले आहे. चार घड्या घातलेला कागद, दप्तराच्या तळाशी मळलेला, खाली निळ्या शाईतली आईची सही. मूल टेबलाशी येते आणि घडी उलगडते. मागे रांगेत उभी असलेली दुसरी मुले त्या कागदाकडे पाहतात. ग्रंथपाल आतल्या बाजूला जाऊन कुलूप उघडतात. या दृश्यावर अधिक बोलण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

(दृश्य: न्यायालयाची इमारत, पायऱ्या, ध्वज)

जुलै २००२ मध्ये गावातल्याच एका कुटुंबाने प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलीच्या वतीने शाळा जिल्ह्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. 'काउंट्स विरुद्ध सीडरव्हिल स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाने तो ओळखला जातो. शाळा जिल्ह्याचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता: मुलीच्या आईवडिलांची परवानगी आहेच, तेव्हा ती पुस्तक नेऊ शकते, मग तिचे नुकसान ते काय? न्यायाधीश जिम लॅरी हेंड्रन यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर हा या खटल्याचा गाभा आहे. ज्या पुस्तकाला शाळेनेच 'वाईट' ठरवले, ते मागणाऱ्या मुलावर एक शिक्का बसतो, आणि तो शिक्का हाच पुस्तकापर्यंत पोहोचण्यातला अडथळा आहे, असे त्यांनी म्हटले. शिवाय पुस्तक मांडणीवर नसेल, तर ग्रंथालयात आलेल्या मुलीला ते सहज उघडून एखादा आठवणीतला प्रसंग पुन्हा पाहता येत नाही, हेही नुकसानच आहे. मुले पुस्तकांशी ओळख करतात ती अशी, येता-जाता पाने चाळत. हे एका न्यायाधीशाने निकालपत्रात लिहावे, याचे आम्हाला विशेष अप्रूप वाटते.

बंधनाच्या बाजूने मत देणाऱ्या तीन सदस्यांच्या शपथेवरील जबान्या न्यायालयासमोर होत्या. पुस्तकांमुळे मुले आज्ञा मोडतील आणि गूढविद्येकडे वळतील अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात या पुस्तकांमुळे शाळेत बेशिस्तीचा एखादा प्रकार घडला का, या प्रश्नावर एकही उदाहरण पुढे आले नाही. केवळ भीतीपोटी विद्यार्थ्याचे घटनादत्त स्वातंत्र्य आवळता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या टिंकर खटल्यात, युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून आलेल्या मुलांच्या बाबतीत, आधीच सांगितले होते; तर एखादा विचार आवडत नाही म्हणून शालेय ग्रंथालयातून पुस्तके काढण्याचा प्रश्न १९८२ च्या पिको खटल्यात येऊन गेला होता. श्रद्धेबाबत बोलायचे तर, पुस्तकात अमान्य धर्ममत आहे या कारणावरून सरकारी शाळेने ते दूर ठेवणे हेंड्रन यांच्या न्यायालयाला मान्य झाले नाही.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींनुसार १९९९ ते २००२ या सलग चार वर्षांत देशात सर्वाधिक तक्रारी याच मालिकेविरुद्ध आल्या. सीडरव्हिलसारखे निर्णय घेणारी मंडळे इतरत्रही होती.

(दृश्य: मांडणीकडे नेली जाणारी पुस्तकांची ढकलगाडी)

२२ एप्रिल २००३ रोजी निकाल लागला. तक्रार करणाऱ्या आईचा आपल्या मुलांवरचा अधिकार त्या निकालाने तसूभरही कमी झाला नाही. चारही पुस्तके ताबडतोब खुल्या मांडणीवर परत ठेवावीत आणि इतर सर्व कथा-कादंबऱ्यांना जे साधे नियम लागू आहेत, त्यापलीकडे कोणताही नियम या पुस्तकांना लावू नये, असा आदेश शाळा जिल्ह्याला देण्यात आला.