१२.६ दाखवते, मग सेल्फ का मारत नाही? राइडिंग मॉवरची बॅटरी, एकदाच काय ते

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ राइडिंग मॉवरच्या, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनच्या, ब्लेडवर केला आणि खाली कमेंट कसल्या आल्या? बॅटरीच्या. "दादा सकाळी चालू होतं, दुपारी नुसतं टक टक करतं." "दादा नवीन बॅटरी टाकली तरी तेच." आणि माझी सगळ्यात लाडकी, "मीटर लावून बघितलं, १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी ओके आहे, प्रॉब्लेम दुसरीकडे आहे". ही शेवटची कमेंट एवढ्या वेळा आलीय की मला वाटायला लागलंय एकच माणूस वेगवेगळ्या नावाने टाकतोय. तर चला, आज बॅटरीच.

सोप्या गोष्टी आधी पटापट उरकतो. हँडब्रेक लावा, ब्लेडचा स्विच बंद, चावी काढून खिशात. सीटवर नाही, खिशात. डोळ्याला गॉगल, हातात ग्लोव्हज, अंगठी-कडं काढून ठेवा. खोलताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं, तरी एकदा घाईत पॉझिटिव्हला आधी पाना लावला, पान्याचं दुसरं टोक फ्रेमला टेकलं, आणि जी ठिणगी उडाली ना… तो पाना अजून आहे माझ्याकडे, हा बघा (पाना कॅमेऱ्याजवळ), इथे कोपऱ्यावर खड्डा दिसतोय? तेवढं लोखंड वितळून गेलं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. निगेटिव्ह आधी सुटलेला असता तर पाना फ्रेमला लागूनही काही झालं नसतं, कारण सर्किटच पूर्ण होत नाही. एवढंच कारण आहे त्याच्यामागे.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुलून आलेलं असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर आतल्या ॲसिडची वाट लागते. उघडी झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाणी बघा, प्लेटा बुडालेल्या पाहिजेत. टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटर, आणि फुल भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना आतली पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर. प्लेटा उघड्याच पडल्या असतील तर आधी बुडतील एवढंच टाका. कोणीतरी विचारलं होतं, "ॲसिड कमी झालंय, ॲसिड टाकू का?" अरे बाबा, ॲसिड कमी होत नाही, सांडलं नसेल तर. उडून जातं ते पाणी. ॲसिड टाकलंत तर प्लेटा खाऊन टाकाल. आणि एजीएम असेल, म्हणजे सीलबंदवाली, तर तिच्यात काही टाकायचा प्रश्नच नाही, उघडायला जाऊ नका.

हां, आता मुद्द्यावर. १२.६.

बघा, १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ च्या आसपास, म्हणून फुल चार्ज बॅटरी शांत पडलेली असताना १२.६, १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ वर आली म्हणजे जवळजवळ तळाला गेली. लोक १२ बघून खूश होतात, "१२ ची बॅटरी १२ दाखवते". नाही हो. आणि १०.५ च्या आसपास येऊन अडकली, चार्ज करूनही वर जाईना, तर बहुतेक एक सेल गेलाय.

पण हा आकडा सांगतो बॅटरी किती भरलीय. तिच्यात ताकद किती आहे ते सांगत नाही. नळ बंद असताना पाइपात पाणी भरलेलंच असतं ना? सोडल्यावर कळतं वर टाकी भरलीय की नुसतं पाइपातलं उरलंय. मीटर लावून १२.६ बघणं म्हणजे बंद नळाकडे बघून टाकी भरलीय म्हणणं.

आता हेच दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण मला माहितीय काही लोक अजून मान हलवतायत. चार्जरवरून काढली आणि लगेच मीटर लावला, १३ पॉइंट काहीतरी दाखवतो. वा! नाही, वा नाही. तो वरवरचा चार्ज आहे, प्लेटांच्या पृष्ठभागावरचा, सरफेस चार्ज म्हणतात. हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून ठेवा किंवा बॅटरी काही तास पडू द्या, मग मोजा. जुनी, प्लेटांवर सल्फेटचा थर चढलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून उतरल्या उतरल्या भारी आकडे दाखवते, आणि सेल्फ मारला की पाय गळतात.

मग खरी टेस्ट कुठली? लोड, म्हणजे बॅटरीतून जोरात करंट ओढून बघणं. लोड टेस्टर असेल तर उत्तम, बॅटरीवर सीसीए (थंडीत सेल्फ मारायला किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) लिहिलेलं असतं, त्याच्या निम्मा लोड, म्हणजे ३०० असेल तर १५० अँपिअर, १५ सेकंद, आणि व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. हा आकडा साधारण २१ डिग्रीचा, थंडीत थोडा खाली चालतो. आणि टेस्ट फुल चार्ज बॅटरीवरच करायची, नाहीतर चांगल्या बॅटरीला उगाच नापास कराल.

टेस्टर नसेल तरी मीटर आहे ना. एकाला सीटवर बसवा (सीटचा स्विच दाबलेला नसेल तर सेल्फ मारणारच नाही, आणि मग लोक त्यालाही बॅटरीच समजतात, असो), त्याला सेल्फ मारायला सांगा, तुम्ही प्रोब धरून बसा. इंजिन पटकन उचललं तर आकडा दिसत नाही, मीटरला मिनिममचं बटण असेल तर ते दाबून ठेवा. साडेनऊच्या वर राहिलं तर ठीक. आठ-सात वर आपटलं तर बॅटरीवर संशय घ्या. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये एक मिनिट थांबा, सेल्फची मोटर तापते.

आता तिसरी बाजू, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. माझं मशीन दुपारी टक टक करायला लागलं. बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरं चाललं, परत टक टक. परत बदलली. हो, दोन! आणि तेव्हा असले व्हिडिओ मीच लोकांना दाखवत होतो. मग एक दिवस सहज, प्रोब टर्मिनलच्या क्लॅम्पवर न धरता मधल्या शिशाच्या खुंटावर धरला. नीट बघा (मीटर आणि बॅटरी एकत्र दाखवत), हा मधला गोल खुंट ही बॅटरी, त्याच्याभोवती हा क्लॅम्प ही केबल. सेल्फ मारताना खुंटावर १०.८. क्लॅम्पवर ८.९. म्हणजे १.९ व्होल्ट ह्या दोघांच्या मधल्या, दिसतही नाही अशा, काळ्या थरात जिरत होते! बॅटरी बिचारी चांगली होती, दोन्ही वेळा.

हिशोब साधा आहे. सेल्फला दीडशे अँपिअर लागतात धरा, आणि जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग रेझिस्टन्स आहे, तरी दीड व्होल्ट गेले. आणि मशीन बंद असताना तिथून करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून तोच जोड तुम्हाला खुशाल १२.६ दाखवतो. म्हणून टक टक ऐकली की बॅटरी विकत घ्यायच्या आधी हे करा: सेल्फ मारत असताना एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरा सेल्फच्या मोटरच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर मधे कुठेतरी गळतंय, केबल, जोड किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच). मग निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा ब्लॉक, तिथे ०.२-०.३ च्या वर नको. अर्थची केबल फ्रेमला जिथे बोल्टने बसते तिथे बऱ्याचदा खाली रंग असतो नाहीतर गंज, तो खरवडून चकचकीत करा. सेल्फ न मारता ही टेस्ट करू नका, शून्य दिसेल आणि परत मला कमेंट कराल.

आता चार्जिंग बाजू. धंद्याची मशीन घरच्या मशीनसारखी एकदा चालू करून एकदा बंद होत नाहीत. दिवसभरात वीस वेळा उतरता, परत सेल्फ, परत सेल्फ. वर ब्लेडचा इलेक्ट्रिक क्लच चालू आहे तोवर काही अँपिअर खातो, आणि तुम्ही मशीन आयडलवर ठेवून गप्पा मारता, तेव्हा स्टेटर, म्हणजे इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल, पुरेसं देत नाही. इंजिन फुल थ्रॉटलला ठेवून बॅटरीवर मोजा, साधारण १३.५ ते १४.७ मध्ये पाहिजे. १२.६ च्या खालीच रेंगाळतंय तर रेग्युलेटर (चार्जिंगच्या व्होल्टेजला आवर घालणारा), स्टेटर किंवा फ्यूज बघा, बॅटरीला शिव्या नकोत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरी उकळून मारतोय. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "चार्ज होतंय का" बघणारे जे आहेत ना, प्लीज, थांबा. बॅटरी सुटली की व्होल्टेजला आवर घालायला कोणी उरत नाही, रेग्युलेटर आणि बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स उडतं.

घरी चार्ज करताना हळू. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर पुरे, मोकळ्या हवेत, कारण हायड्रोजन सुटतो, जवळ सिगारेट नको. सीझन संपला की काळी वायर काढून ठेवा, दर महिन्याला मीटर लावा, १२.४ च्या खाली आलं की चार्ज करा. आणि हो, बॅटरी खाली आवळणारी पट्टी! ती ढिली असेल तर खड्ड्या-खड्ड्यात बॅटरी आपटते, प्लेटांचं मटेरियल झडून तळाला साचतं, आणि मग "कंपनी फालतू आहे" अशी कमेंट येते.

तर आता कमेंट करताना तीन आकडे लिहा. रात्रभर पडलेल्या बॅटरीचा, सेल्फ मारताना खुंटावरचा, आणि फुल थ्रॉटलचा. नुसतं "१२.६ आहे" असं लिहिलंत तर मी हाच व्हिडिओ परत पाठवणार.