फू हाओची कबर आणि हाडांवरचे लेख

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या हनान प्रांतात, आन्यांग शहराच्या वायव्येस, यिनशू नावाचे ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत शांग राजघराण्याची शेवटची राजधानी येथे नांदत होती. या परिसरातील शेतकऱ्यांना नांगरताना जुनी हाडे सापडत आणि ती ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधविक्रेत्यांकडे जात; तेथे त्यांची पूड होई. 1899 साली वांग यीरोंग या विद्वानाने त्यांवरील खुणा म्हणजे प्राचीन लिपी असल्याचे ओळखले. किती मजकूर त्याआधी खलबत्त्यात गेला असेल, हा विचार आजही अस्वस्थ करतो. 1928 साली तेथे शास्त्रीय उत्खनन सुरू झाले आणि 1936 साली एकाच खड्ड्यातून सतरा हजारांहून अधिक लेखयुक्त तुकडे हाती आले.

हे लेख म्हणजे राजाने पूर्वजांना आणि देवांना विचारलेले प्रश्न होत. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच घासून गुळगुळीत करीत, मागच्या बाजूने लहान खळगे कोरीत आणि तेथे तप्त वस्तू टेकवीत. उष्णतेने पुढच्या बाजूस तडा जाई आणि त्या तड्याच्या रूपावरून कौल ठरे. पाऊस पडेल काय, स्वारी यशस्वी होईल काय, राजाचा दात कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे दुखतो आहे, असे प्रश्न नंतर त्याच हाडावर कोरून ठेवले जात.

यांतील एक लेख मला विशेष मोलाचा वाटतो. वू डिंग राजाची राणी फू हाओ गरोदर होती. तिची प्रसूती शुभ होईल काय, असे विचारले गेले आणि राजाने तडे पाहून सांगितले की, ‘डिंग’ दिवशी झाली तर शुभ, ‘गंग’ दिवशी झाली तर अतिशुभ (ही त्यांच्या पंचांगातील दिवसांची नावे). पुढे निकालही कोरला आहे: एकतिसाव्या दिवशी, ‘जिया-यिन’ या दिवशी, प्रसूती झाली, शुभ झाली नाही, मुलगी झाली. मुलीच्या जन्माविषयीची ही भावना तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या उघडपणे लिहिली गेली, हे वाचून वाईट वाटते. परंतु राजाने सांगितलेल्या दोन्ही दिवशी प्रसूती झाली नाही, हेही लेखनिकाने लपवलेले नाही, हे तितकेच ध्यानात घेतले पाहिजे.

मात्र ज्या समाजाला मुलीचा जन्म अशुभ वाटला, त्याच समाजात ही राणी सैन्य घेऊन रणांगणावर जात होती. एका लेखात तिच्याकडील तीन हजार आणि इतर दहा हजार माणसे मिळून तेरा हजारांची फौज स्वारीसाठी जमवण्याचा उल्लेख आहे. नंतरच्या इतिहासकारांनी शांग राजांची वंशावळ जपली, पण या राणीचे पराक्रम त्यांच्या ग्रंथांत उरले नाहीत.

1976 साली झेंग झेनश्यांग या महिला पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली यिनशू येथे तिची कबर सापडली. शांग राजांच्या मोठ्या कबरी चोरांनी पूर्वीच लुटल्या होत्या. ही मात्र अस्पर्श राहिली होती. सुमारे साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि साडेसात मीटर खोल अशा या खड्ड्यातून चारशेहून अधिक कांस्यवस्तू, सातशेहून अधिक जेड पाषाणाच्या वस्तू, केसांत खोवायचे शेकडो हाडी काटे आणि सुमारे सात हजार कवड्या निघाल्या. कवड्या उष्ण समुद्रातल्या, आणि आन्यांग तर किनाऱ्यापासून दूर. म्हणजे या राजधानीची देवाणघेवाण केवढ्या टापूत चालत असे, ते यावरून कळते. अनेक भांड्यांवर राणीचे नाव कोरलेले असल्यामुळे हाडांवरील लेखांची आणि कबरीची गाठ पडली. शस्त्रांमध्ये कांस्याची एक परशू आहे, वजन सुमारे नऊ किलो; तिच्यावर दोन वाघांच्या उघड्या जबड्यांमध्ये माणसाचे डोके दाखवले आहे. एवढे जड पाते लढाईत फिरवण्यासाठी घडवले नसावे. ते सेनापतिपदाचे चिन्ह असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वैभवाबरोबर कबरीत सोळा माणसांचे आणि सहा कुत्र्यांचे अवशेषही होते. राणीच्या सोबतीसाठी त्यांचा बळी दिला गेला. कांस्य ओतण्याची अप्रतिम कला आणि नरबळीची प्रथा यांमागे एकच श्रद्धा होती: मेलेली माणसे कुटुंबाचीच असतात, त्यांना अन्न, मद्य आणि सेवक लागतात, आणि त्यांची मर्जी राखली तरच राज्य चालते. म्हणूनच कबरीवर एक वास्तू उभारलेली होती आणि तेथे राणीला नैवेद्य दाखवला जात असावा. तिच्या मरणोत्तर नावाने, ‘माता शिन’ म्हणून, घडवलेली दोन चौकोनी कांस्यपात्रे आत ठेवली होती, प्रत्येकी शंभर किलोंहून जड. आणि हाडांवरच्या लेखांत वू डिंग तिच्या मृत्यूनंतरही पूर्वजांना विचारताना दिसतो की, फू हाओचा आता त्यांच्यापैकी कोणी पत्नी म्हणून स्वीकार केला आहे काय.