जामीन कोण राहणार?

[दृश्य : लालबाग-परळ. बंद गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर. चाळीचा लाकडी जिना.]

गिरणगावातल्या एकेका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे. कुणी कोकणातला, कुणी घाटावरचा; बायकापोरं गावाला. मग त्यांना जेवू कोण घालायचं? शेजारच्या खोलीतली बाई. तिचा नवरा कामावरून काढलेला असायचा, आजारी असायचा, नाहीतर दारूपायी घरी बसलेला. पहिल्या पाळीची माणसं जेवणाचे डबे घेऊन निघायची, म्हणजे तिची चूल अंधारातच पेटायची. तिला सगळे खानावळवाली म्हणत.

तिचा हिशेब सुरुवातीपासूनच तोट्याचा. गडी पैसे देणार महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर. तांदूळ, तेल, रॉकेल मात्र रोज लागणार. वाणी उधार द्यायचा, पण भाव तो सांगेल तो आणि माल तो देईल तसा. उधारी थकली की सावकार, आणि सावकारापाठोपाठ गळ्यातलं मंगळसूत्र गहाण. गिरणीत संप झाला तर तिची मिळकत बंद व्हायची, पण पंगत बंद करता येत नसे. घरचा म्हणून जेवणाऱ्या माणसाला संपाच्या दिवसांत उपाशी कसं ठेवायचं? मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या चुलींना मिळालेली जागा फार थोडी आहे, आणि ही गोष्ट आम्हाला डाचते.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ साली गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजनाही आली. पण बँकेच्या टेबलापलीकडून यायचा तो प्रश्न ठरलेला : तारण काय आणि जामीन कोण राहणार?

गोवा मुक्ती लढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हा प्रश्न खानावळवाल्यांपुढेच ठेवला. १९७५ साली १४ बायकांपासून अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात झाली. त्यांचं उत्तर होतं, आम्हीच एकमेकींच्या जामीन राहू. हिच्या कर्जाला तिची हमी, तिच्या कर्जाला हिची.

[दृश्य : मोठ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारे हात.]

हे चाललं, कारण बँकेला जे कधीच कळलं नसतं ते शेजारणीला ठाऊक होतं. कुणाकडे किती माणसं जेवतात, कुणाचा नवरा हातातले पैसे हिसकावतो, कुणाच्या लेकीचं लग्न तोंडावर आलंय. एकीनं हप्ता बुडवला तर दुसरीचं कर्ज अडणार, म्हणून हप्त्याच्या आधी एकमेकींकडे फेरी व्हायची. त्या फेरीत मारहाण कळायची, आजारपण कळायचं, आणि नुसत्या कर्जासाठी जमलेल्या बायका एकमेकींच्या घरात लक्ष घालू लागायच्या. पुस्तकात याला सामाजिक भांडवल म्हणतात. गिरणगावात ते व्हरांड्यातल्या नळावर आणि जिन्यावर आधीपासून साठलेलं होतं. बँकेच्या दारापर्यंत ते पहिल्यांदाच गेलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढचं मुंबईला माहीत आहे. गिरण्या गेल्या, गडी गावाला गेले, खानावळी ओस पडल्या. एकट्या बाईची चूल अशा वेळी विझली असती. मंडळातल्या बायकांकडे मात्र संघटना होती. दादरला आणि वाशीला मंडळाची स्वतःची स्वयंपाकघरं चालली, डबे आणि मोठ्या ऑर्डरी सुरू झाल्या.

[दृश्य : भायखळा. पुलाखालची वाहतूक, फूटपाथ, भिंतीला टेकलेल्या झोपड्या.]

गिरणगावातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भायखळा आहे. इथल्या बायकांकडे खोलीसुद्धा नव्हती.

जुलै १९८१ मध्ये राज्य सरकारनं फूटपाथवरच्या लोकांना हटवून गावी पाठवायचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात असंही म्हटलं, की रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या हटवू शकते. कायद्याच्या अभ्यासकांना यातला पहिला भाग आठवतो. फूटपाथवर ऐकू आला तो दुसरा.

शहराच्या लेखी ही माणसं कुठून आली, काय करतात, किती आहेत, याचा काहीच पत्ता नव्हता. पालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये १९८४ पासून ‘स्पार्क’ ही संस्था काम करू लागली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फूटपाथवरच्या लोकांना बरोबर घेऊन मोजणी केली. सुमारे ६००० कुटुंबं, म्हणजे जवळजवळ २७ हजार माणसं. बहुतेकजण कामाला पायी जाणारे, दुष्काळ आणि भूमिहीनता मागे टाकून आलेले. माणसं फूटपाथवर का राहतात याचं उत्तर त्या मोजणीत होतं : ट्रेनचं भाडं परवडत नाही, म्हणून काम जिथे, तिथेच बिऱ्हाड.

मोजणी झाल्यावर ती माणसं यादीत आली. यादीत आल्यावर ती रेशन कार्ड मागू लागली. कार्डासाठी ऑफिसात जायचं, तर आधी ऑफिसात जायची भीती जायला हवी. बायका घोळक्यानं जायच्या. पोलीस चौकीतही तशाच. एकटीला हाकलणारा शिपाई पंचवीस जणींना हाकलत नाही, हे त्या जाऊन शिकल्या. मानवी भांडवल, म्हणजे माणसाच्या अंगचं ज्ञान आणि कसब, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळा आणि प्रमाणपत्र येतं. इथे ते कसं तयार झालं ते बघा.

१९८६ मध्ये या बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. नवऱ्यांच्या परवानगीचा विषय बाजूला राहिला, कारण बचत रोजची होती आणि ती बायकांच्या हातची होती. पैसे गोळा करणारी बाई रोज दारोदार फिरायची. कुणी दोन रुपये द्यायची, कुणी पाच, कुणी आज काहीच नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी हिशेब रंगांत ठेवला. प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रुपयांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे चौकोन. पोर तापानं फणफणलं, तोडकामात भांडी गेली, की त्याच पैशातून कर्ज. द्यायचं की नाही हे त्या बायका ठरवणार.

रोजच का? महिन्यातून एकदा गोळा केलं असतं तर वेळ वाचला असता. पण रोज दारात उभी राहणारी बाई पैशापेक्षा बातमी जास्त गोळा करते. कुणाचं काम सुटलं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची चूल आज पेटलीच नाही. अडचणीतलं घर कर्ज मागायच्या आधीच तिच्या लक्षात आलेलं असतं. विकासाच्या कामांचे अहवाल लिहिणाऱ्यांना ही रोजची फेरी वेळखाऊ वाटते. आमच्या मते सगळं काम त्या फेरीवरच उभं आहे.

[दृश्य : बांबू आणि कापडाचं पूर्ण मापाचं घर. आत-बाहेर करणाऱ्या बायका.]

मग घराची गोष्ट निघाली. घर मिळण्याची काही शक्यता दिसत नसताना या बायका घराचा नकाशा करायला बसल्या. बांबू आणि कापड वापरून त्यांनी खऱ्या मापाचं घर उभं केलं आणि लोकांना बघायला बोलावलं. १४ फूट उंचीची एक खोली आणि आत पोटमाळा. ही उंची फूटपाथवरच्या अनुभवातून आली होती : जमीन कमी असेल तर वर सरकायचं, खाली काम करायचं, वर पोरं झोपवायची. वास्तुविशारद नंतर आले आणि त्यांनी हे माप मान्य केलं.

याच वेळी जोकिन अरपुतम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, म्हणजे झोपडपट्टीत राहणाऱ्यांचीच संघटना, बरोबर होती. चेंबूरची जनता कॉलनी १९७६ साली पाडली गेली, तिच्या लढ्यातून ते पुढे आले होते. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या बायका १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडपट्ट्यांशी बोलू लागल्या, आणि १९९६ मध्ये त्या देवाणघेवाणीतून झोपडपट्टीतल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. कापडाच्या घरापासून खऱ्या घरापर्यंतचा रस्ता मात्र लांब निघाला. फूटपाथवरच्यांना पुनर्वसनाचा हक्क मिळाला तो १९९५ नंतर, आणि मानखुर्दच्या मिलन नगरात किल्ली हातात यायला आणखी वर्षं गेली. वीस वर्षं रोजची बचत चालू ठेवणं म्हणजे काय, याचा नुसता विचार करून बघा.

[दृश्य : वस्तीतलं सामुदायिक शौचालय. लहान मुलांसाठी वेगळी बैठक.]

शौचालयांचीही थोडी गोष्ट. पालिकेच्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात वस्तीनं आपली मंडळी नोंदवायची, प्रत्येक मोठ्या माणसामागे १०० रुपये आणि घरटी जास्तीत जास्त ५०० रुपये आधी जमवायचे, मग बांधकाम, आणि देखभाल वस्तीकडे. बायकांनी सुचवलेल्या शौचालयांत बायकांची रांग वेगळी, आणि पोरांसाठी लहान भांडी, धरायला दांडी. मोठ्यांच्या रांगेत मूल मागे ढकललं जातं आणि मग उघड्यावर बसतं, हे आईला माहीत होतं. म्हणून नकाशात आधी मुलांची जागा आली.

देवनार आणि चेंबूरच्या परिसरात कचरा वेचणाऱ्या बायकांनाही याच वाटेनं स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून संघटित केलं. परिसर विकास या उपक्रमात त्या खत करायला शिकल्या, काहीजणी बायोगॅसचा प्रकल्प चालवतात.

[दृश्य : लोकल ट्रेनची खिडकी. रुळांलगतच्या भिंती.]

सगळ्यात मोठी कसोटी रुळांवर लागली. मुंबईच्या लोकलचा वेग वाढवायचा होता, आणि झोपड्या रुळांना इतक्या खेटून होत्या की काही पट्ट्यांत गाड्या हळू चालवाव्या लागत. फेडरेशन आणि महिला मिलननं घरं मोजली, याद्या वस्तीत वाचून दाखवल्या, हरकती तिथेच ऐकल्या. ५० घरांचा एक गट, त्याची सोसायटी. तो गट एकत्र हलणार, आधी संक्रमण शिबिरात आणि मग इमारतीत. सुमारे ६० हजार माणसं अशी हलली आणि त्यासाठी बळाचा वापर करावा लागला नाही.

इमारतीत गेल्यावर सगळं सुरळीत झालं, असं म्हणता येणार नाही. लिफ्ट बंद पडते, पाण्याचं बिल थकतं, मेंटेनन्सवरून भांडणं होतात, इमारती इतक्या जवळजवळ उभ्या केल्यात की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. कामाची जागा भायखळ्यात आणि घर मानखुर्दला, म्हणजे पायी जाण्याची सोय गेली आणि ट्रेनचं भाडं सुरू झालं. पण जिथे ५० घरांचा गट टिकला, तिथे लिफ्टवाल्याला फोन कोण करणार हे तरी ठरलेलं असतं. जिथे सोडतीत शेजार विस्कटला, तिथे तेही नसतं. एका मजल्यावर चार अनोळखी दारं, आणि कुणाला कुणाचं नावसुद्धा माहीत नाही. पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात सिमेंटची ओळ असते, मोडलेल्या शेजाराच्या किमतीची ओळ कुठेच नसते.

[दृश्य : धारावी. दारावर रंगवलेला क्रमांक. गल्लीत बोलणारे लोक.]

आज धारावीत पुनर्विकासासाठी पुन्हा घरांवर क्रमांक पडलेत. पात्र कोण, अपात्र कोण, पोटमाळ्यावर राहणाऱ्याचं काय, यावर गल्लीगल्लीत बोलणं चाललंय. इथे कुंभारवाडा आहे, चामड्याचे कारखाने आहेत, भाजायला दिलेली भांडी आणि उधारीवर घेतलेला माल एका घरातून दुसऱ्या घरात रोज फिरतो. त्यातली एक ओळख तुटली तरी धंदा अडतो.

म्हणून या फिल्मच्या निमित्तानं आमची मागणी साधी आहे. यादी ऑफिसात लावण्याआधी ती वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा आणि तिथेच हरकत घेऊ द्या. खोल्यांची सोडत काढण्याऐवजी शेजाऱ्यांच्या गटाला एकत्र मजले द्या. आणि हे गट कसे करायचे ते ठरवताना दारोदार बचत गोळा करणाऱ्या बायकांना बैठकीत बसवा.