तपकिरी किती, निळ्या किती

(दृश्य: पणजीतली प्रयोगशाळा. मेणाचा ठोकळा, जवळून.)

या ठोकळ्यात लहान आतड्यातली गाठ आहे. पोटदुखीने हैराण झालेल्या सत्तरीतल्या एका बागायतदारांची. ती न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची आहे, हे क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन या अशा पेशींतल्या प्रथिनांच्या तपासणीने कालच ठरलं. आता ही गाठ पुढे कशी वागेल, ते पाहायचंय.

(दृश्य: मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप घेणारं यंत्र, चालू.)

पात्याकडे लक्ष द्या. तीन-चार मायक्रॉनचा काप सुटतो, कोमट पाण्यावर पसरतो आणि तंत्रज्ञ बाई तो काचपट्टीवर अलगद उचलतात. सुरकुती पडली, तर काप पुन्हा घ्यायचा. मग केआय-६७ या प्रथिनासाठी काप रंगवायचा. हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच सापडतं. त्यांची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात.

(दृश्य: छापील फोटो, पेनाच्या खुणा.)

तपकिरी ठिपके जिथं सर्वांत दाट, तिथला हा फोटो. डॉक्टर एकेका पेशीवर खूण करतात. किमान पाचशे पेशी. कंटाळवाणं काम आहे, खरंच. पण गाठ किती वेगाने वाढते ते सांगणारा ग्रेड यावरच ठरतो: तपकिरी पेशी तीन टक्क्यांच्या खाली असतील तर ग्रेड एक, तीन ते वीस ग्रेड दोन, वीसच्या वर ग्रेड तीन. नजरेच्या अंदाजाने 'दोन-तीन टक्के' लिहिलं, तर ग्रेड कुठला धरायचा? दोन चौरस मिलिमीटरमधली पेशीविभाजनंही मोजतात आणि दोन्हींत वरचा ठरेल तो ग्रेड घेतात. आकड्याविना आलेला रिपोर्ट अर्धाच.

इथे आकडा दोन टक्के. विभाजनंही कमीच. ग्रेड एक.

पण जागा विसरून चालत नाही. अपेंडिक्समधली एक सेंटिमीटरहून लहान गाठ सहसा पसरत नाही. लहान आतड्यातली मात्र ग्रेड एकची असूनही यकृत गाठू शकते. म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली अशा गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारख्या, म्हटलं, ते त्या निरुपद्रवी समजून. १९२९ मध्ये त्यांनीच मत बदललं.

(दृश्य: काचपट्टी, लसिका ग्रंथी.)

या रुग्णाच्या दोन लसिका ग्रंथींत गाठीच्या पेशी पोचल्या आहेत.

(दृश्य: बाह्यरुग्ण विभाग. मुलगी आणि डॉक्टर.)

"बाबांना केमो लागणार काय?"

"आत्ता नाही. आधी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन करूया, अशी गाठ शरीरात आणखी कुठे आहे का ते त्यात दिसतं."

पुढची बरीच वर्षं तपासण्या चालू राहतील.