विकली किती आणि चालू किती

(सोलापुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

सुरुवात टॉवेलापासून करतो. माझा विषय आहे गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, आणि त्याच्या विक्रीचा आकडा. या विषयाची आणि आपल्या गावच्या मालाची गाठ एका ठिकाणी पडते, ती टॉवेलात.

एक्सबॉक्स ३६० हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. थोड्याच दिवसांत लोकांच्या घरी ती बंद पडायला लागली. बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की समजायचं, यंत्र गेलं. त्यावर लोकांनीच एक उपाय काढला. यंत्र चालू ठेवून जाड टॉवेलात घट्ट गुंडाळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. आत उष्णता कोंडायची, चिपखालचे तडकलेले सांधे फुगून परत टेकायचे आणि यंत्र चालू व्हायचं. दोन दिवस चालायचं, फार तर आठवडा. हा प्रयोग कुणी करू नका, आग लागू शकते. मी तो सांगितला एवढ्यासाठी, की त्या आठवड्यात ते यंत्र कोणत्या हिशोबात धरायचं? कंपनीच्या वहीत ते विकलेलं आहे. घरात ते मरणपंथाला लागलेलं आहे. आणि पुढच्या आठवड्यात त्या घरातला मुलगा हट्ट करून दुसरं आणेल, तेव्हा वहीत दोन यंत्रं होतील. घर एकच राहील.

मी दुरुस्ती करणारा माणूस. सोल्डरिंगच्या धुरात आयुष्य गेलं. त्यामुळे विक्रीचे आकडे वाचताना मला ग्राफ दिसत नाही, माझं टेबल दिसतं. त्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो.

आधी 'विक्री' या शब्दाकडे बघू. आपल्याला हे समजायला परदेशी जायची गरज नाही. सोलापुरी चादर घ्या. कारखान्यातून गठ्ठे निघाले, चलन फाटलं. ती एक विक्री. चाटी गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नावाने बिल झालं; ती दुसरी विक्री. आणि आज रात्री किती घरांत ती चादर अंगावर आहे, हा तिसराच आकडा, आणि तो कुणाच्याच वहीत नसतो. कन्सोलच्या कंपन्या जो मोठा आकडा जाहीर करतात तो बहुतेक वेळा पहिला असतो, म्हणजे दुकानांकडे पाठवलेला माल. २००६ च्या अखेरीपर्यंत मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४ लाख एक्सबॉक्स ३६० पाठवले होते. पुढच्या तिमाहीत पाठवले ५ लाख, त्याच्या पुढच्या तिमाहीत ७ लाख. मागणी एकदम आटली का? तसं नव्हतं. नाताळच्या सणासाठी पाठवलेला माल दुकानांच्या रॅकवर पडून होता, तो आधी खपायचा होता. चाटी गल्लीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला हे एका वाक्यात समजेल.

आता बिघाड. जून २००७ अखेर पाठवलेली यंत्रं झाली १ कोटी १६ लाख. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची करतो, आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. भागाकार करून बघा. पाठवलेल्या प्रत्येक यंत्रामागे जवळजवळ ९० डॉलर, बिघडलेल्यांमागे नव्हे, प्रत्येकामागे. यंत्राची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत होती २९९ आणि ३९९ डॉलर. एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर यांनी नंतर सांगितलं आहे की मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्यासमोर जाऊन त्यांनी हा खर्च मागितला आणि बामर यांनी तो मंजूर केला. मला हा निर्णय मोठा वाटतो. मनापासून वाटतो. कारण त्या एका निर्णयाने बिघडलेलं यंत्र विक्रीच्या वहीतून दुरुस्तीच्या वहीत गेलं. फुकट दुरुस्त होऊन घरी आलेलं यंत्र विक्रीत मोजलं जात नाही. ते फुकट दुरुस्त झालं नसतं, तर त्यातली कितीतरी माणसं दुकानात गेली असती आणि विक्री 'वाढली' असती.

म्हणून कुणी म्हणालं की अमुक यंत्राचा खप मोठा आहे, कारण ते सारखं बिघडायचं, तर मी थांबवतो. आधी विचारा, बिघडल्यावर माणूस गेला कुठे?

समजा शंभर घरांनी यंत्र घेतलं. हे आकडे मी समजण्यापुरते धरतोय. दोन वर्षांत २४ बंद पडली. त्यातली १४ वॉरंटीत दुरुस्त झाली. सहा घरांनी तेच यंत्र नवं घेतलं. चार घरं वैतागली आणि त्यांनी कंपनीचं नाव सोडलं. वहीत विक्री दिसेल १०६. खेळणारी घरं राहिली ९६. फरक दहाचा. आता वॉरंटी काढून टाका. दुरुस्त झालेली ती १४ घरं निम्मी दुकानात गेली आणि निम्मी सोडून गेली असं धरा. विक्री झाली ११३, घरं राहिली ८९. म्हणजे बघा, वहीतला आकडा चढला आणि घरं उतरली. एकाच बिघाडाने दोन्ही केलं. कागदावर हे यश दिसतं, आणि हीच गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त खटकते.

२४ हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड नावाच्या अमेरिकेतल्या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने आपल्याकडच्या सोळा हजारांवर यंत्रांचा हिशोब काढला. दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० बिघडण्याचं प्रमाण २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चं १० टक्के आणि निन्टेन्डोच्या वी (Wii) या यंत्राचं २.७ टक्के. आता यातली गोम. तीन लाल दिवे लागले की माणूस सरळ मायक्रोसॉफ्टकडे जायचा, कारण तिथे फुकट काम व्हायचं. मग तो या कंपनीच्या वहीत कशाला येईल? म्हणजे बिघाडाचा आकडाही त्या वहीच्या मालकाला जेवढा दिसला तेवढाच.

बिघाड होता कुठे, याबद्दल आम्ही दुरुस्तीवाले बराच काळ चुकीचं समजत होतो. चिप आणि बोर्ड यांच्यामधले सोल्डरचे बारीक गोळे तडकतात असं वाटायचं. म्हणून चिप काढायची, गोळे नवे बसवायचे, परत लावायची. याला रीबॉलिंग म्हणतात. डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे, अर्धा दिवस जातो. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसांनी सांगितलं की तडा त्याच्याही आत होता, चिपच्या पॅकेजमध्ये, सिलिकॉनचा तुकडा ज्या पट्टीवर बसवतात तिथल्या सांध्यांत. सतत गरम राहिल्याने तेवढं होत नव्हतं. गरम-गार, गरम-गार या फेऱ्यांनी होत होतं. म्हणजे रीबॉलिंगने यंत्र चालू व्हायचं ते बऱ्याचदा नुसत्या उष्णतेने. टॉवेलाने व्हायचं तसंच.

गरम-गार म्हटलं की मला आपला मे महिना आठवतो. पारा बेचाळीसच्या वर, दुपारी लोडशेडिंग, लाईट आली की पोरांनी यंत्र लावलं, तासात परत लाईट गेली. त्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत बंद पडायचं हेच कारण निम्म्याहून जास्त वेळा असायचं असं माझं मत आहे. कंपनीची नावं घेत नाही, सगळ्यांचीच यायची.

आणि इथे सोलापूरचा हिशोब परदेशाच्या हिशोबापासून वेगळा होतो. तिकडे यंत्र मेलं की एकतर वॉरंटी, नाहीतर नवं. आपल्याकडे यंत्र मरतच नाही. पुण्याच्या मामाने घेतलेलं, बंद पडलं म्हणून भाच्याला दिलेलं यंत्र माझ्याकडे येतं. भाचा कॉलेजला गेला की तो ते विडी घरकुलातल्या मित्राला हजार-पंधराशेला देतो. एक रिक्षावाले आहेत, त्यांनी असंच एक यंत्र पोरासाठी घेतलं. दर सहा महिन्यांनी यायचे आणि दारातूनच विचारायचे, "अण्णा, होईल न्हवं चालू?" डिस्क वाचणारी लेन्स बदलली, पंखा बदलला, एकदा पॉवर सप्लाय दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून बसवला. म्हणजे वहीत दोन विक्रीची यंत्रं मिळून घरात एक चालू यंत्र. आणि त्या एका यंत्रावर तीन घरं खेळून झाली. हा हिशोब कुठल्या तक्त्यात बसवाल? तिकडे विक्री घरांपेक्षा जास्त दिसते, इकडे घरं विक्रीपेक्षा जास्त निघतात.

त्याही आधीची गोष्ट तर कुणी मोजलीच नाही. तुमच्यातल्या चाळिशीच्या मंडळींनी पिवळी कॅसेट फुंकून लावलेली असेल. ते यंत्र निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल होतं. निन्टेन्डोच्या खात्यावर त्या पिढीची ६ कोटी १९ लाख यंत्रं आहेत, जपानी आणि अमेरिकी रूप मिळून. आपल्या घरातली ती नकली यंत्रं त्यात नाहीत.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिघाडाच्या धंद्यात असूनही माझं मत असं आहे की एका घराची दोन यंत्रं होण्याचं मोठं कारण बिघाड नसावं. निन्टेन्डो डीएस बघा. १५ कोटी ४० लाख. २००४ ला मूळचं, २००६ ला लाइट, २००८ ला डीएसआय. हातात धरायचं यंत्र, त्यामुळे दोन पोरं असतील तर दोन लागतात. नवं सुटसुटीत आलं की जुनं चालू असूनही नवं घेतलं जातं. प्लेस्टेशन २ चे सोळा कोटी झाले, पण ते २००० पासून बारा-तेरा वर्षं विकलं गेलं. एवढ्या काळात कुणाची लेन्स गेली, कुणी बारीक मॉडेल घेतलं, कुणी लग्नानंतर नव्या घरात दुसरं घेतलं. यातलं बिघाडाचं माप वेगळं काढता येत नाही, आणि जो ते छातीठोक टक्क्यांत सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

अंदाज घ्यायला एक वाट आहे, गेमची विक्री. लेन्स गेली म्हणून दुसरं यंत्र घेणारा माणूस जुन्याच डिस्क लावतो. मघाच्या शंभर घरांनी दहा-दहा गेम घेतले तर हजार गेम झाले. यंत्रं मोजली १०६, तर यंत्रामागे नऊ आणि थोडे गेम दिसतील. गेम बनवणाऱ्याला वाटेल लोक कमी घेतात. शिवाय यंत्र तोट्यात किंवा काठावर विकून गेमवर कमाई करायची ही या धंद्याची जुनी रीत. म्हणजे बदली यंत्र घेणारा गिऱ्हाईक कंपनीला सुरुवातीला महागच पडतो. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चा शेवटचा सांगितलेला आकडा ८ कोटी ४० लाख. त्याच्या पुढच्या यंत्राच्या वेळी तर २०१५ नंतर यंत्रांची विक्री सांगणंच बंद केलं आणि महिन्याला किती जण खेळतात ते सांगायला लागले. ते काही अंशी बरं आहे. पण आपल्याकडे एका खात्यावर तीन भाऊ खेळतात, तेव्हा तिथेही चूक आहेच, फक्त उलट्या बाजूची.

शेवटी एक विनंती आहे. दोन वर्षं झाली, मी दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंद वेगळ्या वहीत ठेवतोय. मागच्या लेबलावर असेल ती तयार झाल्याची तारीख, हे कितवं घर, आणि आधी काय बदललेलं आहे. माझ्या एकट्याच्या टेबलावर गावाचं चित्र उमटणार नाही. तुमच्या माळ्यावर बंद पडलेलं यंत्र असेल तर भंगारात घालायच्या आधी रविवारी सकाळी घेऊन या. बिल नसलं तरी चालेल. फक्त कुणाकडून आलं ते आठवून या.