हिरव्या पानातलं पिवळं संरक्षण

श्रोतेहो, नमस्कार. नॉरफ्लुराझॉन नावाचं एक तणनाशक आहे. ते मिसळलेल्या मातीत बी रुजतं, पण उन्हात उघडणारी पानं दुधासारखी पांढरी निघतात. हे तणनाशक हरितद्रव्याला हात लावत नाही. ते फक्त कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं, तयार होऊ देत नाही. तेच रोप अगदी मंद उजेडात वाढवा, पानात थोडा हिरवेपणा टिकतो. हरितद्रव्य तयार होतच असतं, उजेड ते नासवून टाकतो.

कारण असं. प्रकाश शोषला की हरितद्रव्याचा रेणू उत्तेजित होतो. ती ऊर्जा लगेच कामी लागली तर उत्तम. पण भर दुपारी पानाला वापरता येईल त्याहून कितीतरी जास्त प्रकाश येतो. ऊर्जा तुंबली की काही रेणू ‘ट्रिपलेट’ नावाच्या, जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातात आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देऊन टाकतात. त्यातून होतो सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप. तो आसपासची मेदद्रव्यं आणि प्रथिनं खराब करतो. आणि ऑक्सिजन तर पान स्वतःच तिथे तयार करत असतं!

बीटा-कॅरोटीन आणि ल्युटीन ही कॅरोटिनॉइड हरितद्रव्याला खेटून असतात. त्यांच्या 40 कार्बनांच्या सांगाड्यात एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. त्यामुळे ते ही ऊर्जा स्वतःकडे घेतात, उष्णता म्हणून सोडून देतात आणि शाबूत राहतात.

मला याहूनही विलक्षण वाटते ती दुसरी व्यवस्था. ऊन चढलं की हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या आत आम्लता वाढते. तिथला पीएच 6च्या खाली गेला की एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं. क जीवनसत्त्वाच्या मदतीनं ते व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडमधले ऑक्सिजनचे दोन अणू एकेक करून काढतं आणि झिअॅझँथिन हे दुसरं कॅरोटिनॉइड बनवतं. मग बरीचशी जादा ऊर्जा ट्रिपलेट होण्याआधीच उष्णता होऊन जाते. हे काही मिनिटांत घडतं, परतीची क्रिया मात्र संथ. ढग आला तरी पान काही वेळ प्रकाश वाया घालवत राहतं. 2016 साली तंबाखूत जनुकं वाढवून ही परती जलद केली, तेव्हा शेतातल्या रोपांचं वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं.

आता रोपांविषयी. सावलीत वाढलेल्या पानात या रंगद्रव्यांचा साठा तोकडा असतो. असं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की पांढुरके चट्टे पडतात, पुढे ते कागदासारखे वाळतात. वरच्या पानाची सावली जिथे पडली होती तेवढाच भाग हिरवा राहतो, त्याची कडही स्पष्ट दिसते. चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन द्या आणि 7 ते 10 दिवसांत वेळ वाढवत न्या. गारठ्यातल्या निरभ्र सकाळी जास्त जपा: ऊन लख्ख असतं, पण साखर बनवणारी विकरं थंडीनं मंदावलेली असतात.